बाळाला तारणारं सरफॅक्टंट मोठ्या माणसाला का तारत नाही?

सोशल मीडियावर मदतीचे मेसेज अधूनमधून फिरत असतात. सातव्या महिन्यात बाळ जन्मलंय, काचेच्या पेटीत आहे, श्वास घेता येत नाही, फुप्फुसात सोडायचं एक महागडं औषध तातडीने हवंय. या औषधाचं नाव सरफॅक्टंट. अवघे काही मिलीलिटर औषध, पण वेळेत मिळालं तर निळं पडत चाललेलं बाळ काही मिनिटांत गुलाबी दिसू लागतं.

मग साहजिकच दुसरा प्रश्न येतो. न्यूमोनियाने किंवा रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने एखाद्या मोठ्या माणसाची फुप्फुसं बंद पडत असतील, तर हेच औषध त्याला का देत नाहीत? हा प्रश्न फक्त नातेवाइकांना पडतो असं नाही. जगभरच्या डॉक्टरांनी तो विचारला, शेकडो रुग्णांवर तपासून पाहिला आणि त्याचं उत्तर निराशाजनक निघालं. ते उत्तर समजून घेतलं, की कुठे धावाधाव करायची आणि कुठे नाही, हेही कळतं.

सरफॅक्टंट म्हणजे नेमकं काय?

आपल्या फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. मोठ्या माणसात त्यांची संख्या साधारण ३० ते ५० कोटी असते. या सगळ्या पिशव्या उलगडून पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. मुंबईच्या हिशेबात सांगायचं, तर चाळीतल्या १८० चौरस फुटांच्या चार खोल्या. श्वासातला ऑक्सिजन याच पिशव्यांच्या पातळ भिंतींतून रक्तात जातो.

या भिंती आतून ओल्या असतात आणि अडचण तिथेच सुरू होते. प्लास्टिकची ओली पिशवी उघडायला किती त्रास होतो, ते आठवा. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून बसतात, कारण पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. यालाच पृष्ठताण म्हणतात. फुप्फुसात नुसतं पाणी असतं, तर प्रत्येक उच्छ्वासानंतर या पिशव्या मिटून चिकटल्या असत्या आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्याने फाकवाव्या लागल्या असत्या.

तसं होत नाही, कारण पिशव्यांच्या भिंतीतल्या काही खास पेशी एक स्निग्ध द्रव तयार करतात. तो पाण्यावर पातळ थरासारखा पसरतो आणि पाण्याची ओढ मोडून काढतो. भांड्यावरच्या पाण्यात साबणाचा थेंब टाकल्यावर पाणी जसं पसरतं, साधारण तसंच. हा द्रव म्हणजे सरफॅक्टंट. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिनं असतात. प्रथिनांचा वाटा लहान असला, तरी हा थर झटपट पसरवायचं आणि टिकवायचं काम त्यांच्याशिवाय होत नाही.

‘सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही’ हे खरं का?

आईच्या पोटात बाळाला फुप्फुसाने श्वास घ्यावा लागत नाही. ऑक्सिजन नाळेतून येतो. त्यामुळे सरफॅक्टंटची तयारी उशिरा सुरू होते. साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास ते बनायला लागतं आणि ३४-३५ आठवड्यांच्या आसपास पुरेसं होतं. त्याआधी बाळ जन्मलं तर पहिल्या श्वासापासून त्याची लढाई सुरू होते.

प्रत्येक श्वासाला चिकटलेली फुप्फुसं उघडायची, उच्छ्वासाला ती परत मिटायची. एक किलोच्या बाळात एवढी ताकद नसते. ते कण्हायला लागतं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते. काही तासांत ते थकतं. डॉक्टर याला आरडीएस म्हणतात, म्हणजे नवजात बाळाचा श्वसनत्रास.

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत म्हणतात, की सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही. फुप्फुसाचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा सरफॅक्टंटमध्ये भर घालतो. अठमाशी बाळाची शक्यता सातमाशी बाळापेक्षा चांगलीच असते. ‘आठवा लागायच्या आत झालं, बरं झालं’ असं समजून कळांकडे दुर्लक्ष करणं म्हणूनच धोक्याचं आहे.

आणि हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे. त्यातल्या सगळ्यांनाच श्वासाचा त्रास होतो असं नाही. पण बाळ जितकं लवकर जन्मतं, तितका धोका वाढतो.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं बाळही वाचलं नव्हतं

आज ज्याला उपचार आहे, त्या आजारापुढे साठ वर्षांपूर्वी जगातला सर्वांत ताकदवान माणूसही हतबल होता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. नाव ठेवलं पॅट्रिक. बाळ साडेपाच आठवडे आधी जन्मलं होतं, वजन सव्वादोन किलोच्या आत होतं. बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयात त्याला हलवलं, जास्त दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवलं. तरी ३९ तासांत ते गेलं. आज या वजनाची आणि या आठवड्यांची बहुतेक बाळं, चांगली सोय असेल तर, वाचतात.

विशेष म्हणजे तोवर कारण सापडलेलं होतं. १९२९ मध्येच कुर्ट फॉन नेरगार्ड या शास्त्रज्ञाने डुकराच्या फुप्फुसांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की ती हवेने फुगवण्यापेक्षा द्रवाने भरणं सोपं जातं, म्हणजे आत पृष्ठताण काम करतोय. त्याकडे अनेक वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं, की या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट जवळपास नसतंच.

कारण कळलं, पण औषध हाताशी यायला आणखी दोन दशकं लागली. १९८० मध्ये जपानचे डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि त्यांचा श्वास सुधारला. पुढे मोठे अभ्यास झाले आणि १९९० च्या सुमारास हे औषध बाजारात आलं. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

आज मिळणारी बहुतेक सरफॅक्टंट गायीच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेली असतात. म्हणूनच ती बनवणं किचकट आणि महाग आहे. एका कुपीला हजारो रुपये पडतात. स्वस्त पर्याय शोधायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. दिल्लीच्या एम्समध्ये शेळीच्या फुप्फुसातल्या सरफॅक्टंटवर काम झालं. पवईच्या आयआयटीत रिंटी बॅनर्जी आणि जयेश बेल्लारे यांनी फुप्फुसातल्या स्निग्ध पदार्थांच्या मिश्रणांचा अभ्यास केला.

बाळाला ते देतात कसं?

लोक याला ‘इंजेक्शन’ म्हणत असले, तरी सुई टोचून ते देत नाहीत. फ्रिजमधली कुपी हळूहळू सामान्य तापमानाला आणतात आणि बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालून औषध थेट फुप्फुसात सोडतात. पूर्वी यासाठी जाड नळी घालून बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवत. आता जिथे सोय आणि सराव आहे तिथे बारीक नळीने, बाळ स्वतः श्वास घेत असतानाच औषध देतात. त्यामुळे व्हेंटिलेटरने कोवळ्या फुप्फुसांना होणारी इजा टळू शकते.

प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते लागतं असंही नाही. आधी नाकावाटे सौम्य दाबाची हवा देतात. याला सीपॅप म्हणतात. हा दाब फुप्फुसं पूर्ण मिटू देत नाही आणि अनेक बाळांचं तेवढ्यावर भागतं. सीपॅपवर असूनही साधारण ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल, तर सरफॅक्टंटचा विचार होतो. तो लवकर, पहिल्या काही तासांत झाला तर फायदा जास्त. दोन दिवसांनी शोधाशोध करून आणलेल्या कुपीचा उपयोग तेवढा राहत नाही.

मग मोठ्यांना का नाही?

मोठ्या माणसांत दिसणाऱ्या अशाच आजाराला एआरडीएस म्हणतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांची नोंद करून तो पहिल्यांदा मांडला. लक्षणं नवजात बाळांसारखी होती. फुप्फुसं कडक, ऑक्सिजन देऊनही न सुधारणारी. सरफॅक्टंटचं कामही बिघडलेलं. त्यामुळे बाळांमधल्या यशानंतर हेच औषध मोठ्यांना देऊन पाहणं ओघानेच आलं.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतुसंसर्गामुळे एआरडीएस झालेल्या ७२५ रुग्णांचा समावेश होता. औषध वाफेसारखं फवारून दिलं. मृत्यू कमी झाले नाहीत. शंका आली, की औषध फुप्फुसात पुरेसं पोचलंच नसेल. मग २००४ मधल्या अभ्यासात प्रथिन असलेलं नवं सरफॅक्टंट थेट श्वासनलिकेत सोडलं. ४४८ रुग्ण होते. पहिल्या दिवशी ऑक्सिजन सुधारला, पण जगण्याची शक्यता वाढली नाही. २००९ मध्ये डुकराच्या फुप्फुसातल्या सरफॅक्टंटचा मोठा डोस देऊन पाहिला, तेव्हाही फायदा दिसला नाही. कोरोनाच्या साथीत पुन्हा प्रयोग झाले. तरीही मोठ्यांच्या एआरडीएसमध्ये सरफॅक्टंट हा नेहमीचा उपचार बनला नाही.

असं का व्हावं? यामागे चार कारणं आहेत.

पहिलं, बाळाची फुप्फुसं आजारी नसतात, अपुरी असतात. त्यांच्यात एक गोष्ट कमी असते, ती दिली की काम चालू होतं. दोन-तीन दिवसांत बाळाच्या पेशी स्वतःचं सरफॅक्टंट बनवू लागतात. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात मात्र आग लागलेली असते. जंतू, सूज, फुटलेल्या पेशी असं सगळं एकदम. सरफॅक्टंट बिघडणं हा त्या आगीचा परिणाम असतो, मूळ कारण नव्हे.

दुसरं, एआरडीएसमध्ये रक्तवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातली प्रथिनं हवेच्या पिशव्यांत शिरतात. ही प्रथिनं सरफॅक्टंट निकामी करतात. म्हणजे वरून कितीही औषध ओतलं, तरी तेही त्याच गाळात बिघडत जातं.

तिसरं, प्रमाण. डुकरापासून बनवलेल्या एका सरफॅक्टंटचा पहिला डोस किलोमागे २०० मिलिग्रॅम असतो. सव्वा किलोच्या बाळाला २४० मिलिग्रॅमची एक कुपी जवळपास पुरते. हाच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला तर ५० कुप्या लागतील, त्याही एका वेळेला. एवढं करूनही द्रव जातो तो फुप्फुसाच्या आधीच उघड्या असलेल्या भागात. जो भाग बंद पडलाय, तिथे तो पोचतच नाही.

चौथं, एआरडीएस झालेला मोठा माणूस अनेकदा फक्त फुप्फुसामुळे दगावत नाही. मूत्रपिंडं, यकृत, रक्ताभिसरण एकामागून एक ढासळतात. २००४ च्या अभ्यासात हेच दिसलं. ऑक्सिजनचा आकडा सुधारला, पण रुग्ण जगण्याचं प्रमाण वाढलं नाही.

मोठ्यांसाठी मग उपयोगी काय पडलं?

उत्तर अगदी साधं निघालं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ८६१ रुग्णांपैकी निम्म्यांना व्हेंटिलेटरने दर श्वासाला जास्त हवा दिली आणि निम्म्यांना कमी. जास्त हवा मिळालेल्या गटात १०० पैकी जवळपास ४० जण दगावले, कमी हवेच्या गटात ३१. सुजलेली फुप्फुसं जोरात फुगवली की ती आणखी फाटतात, हे यातून पक्कं झालं.

२०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की गंभीर रुग्णांना दिवसातले बरेच तास पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. कोरोनाच्या काळात रुग्णांना पालथं झोपवलेले फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यामागे हा अभ्यास होता. याला कुपी लागत नाही, पण रुग्णाला सांभाळून पालथं करायला अनुभवी नर्स आणि वॉर्डबॉय लागतात.

२०२० मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉईडने व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू कमी केले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा झाला नाही. मनाने स्टेरॉईड घेण्याची किंमत काय असते, हे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीने, विशेषतः मधुमेही रुग्णांत, दाखवून दिलं.

याच डेक्सामेथासोनचा बाळांशीही जवळचा संबंध आहे.

कुपीच्याही आधी येणारं औषध

१९७२ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवलं, की दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं, तर बाळाची फुप्फुसं झपाट्याने तयार होतात. पोटातच सरफॅक्टंट बनायला लागतं. जन्मानंतर हजारो रुपयांची कुपी लागण्याची शक्यताच त्यामुळे कमी होते.

श्रीमंत देशांतलं हे औषध आपल्यासारख्या ठिकाणी चालेल का, अशी शंका होती. २०२० मध्ये भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया या देशांतल्या अभ्यासाने तिचं उत्तर दिलं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले संशोधक त्यात होते. आईला डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. भारत सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला हे इंजेक्शन द्यायचं असतं. सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम सिस्टरही देऊ शकतात.

फक्त त्याला वेळ लागतो. पूर्ण परिणामासाठी साधारण एक दिवस. म्हणून खरी शर्यत बाळाच्या जन्मानंतर नव्हे, पहिल्या कळेपासून सुरू होते.

शीवच्या रुग्णालयाने शिकवलेली गोष्ट

शीव कोळीवाडा, प्रतीक्षानगर, अँटॉप हिल, धारावी या पट्ट्यातल्या घरांची पावलं अशा वेळी लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे, म्हणजेच ‘सायन हॉस्पिटल’कडे वळतात. १९४७ मध्ये लष्कराच्या बराकीत ५० खाटांवर सुरू झालेलं हे पालिकेचं रुग्णालय आज मुंबईतल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे. नवजात बाळांच्या बाबतीत त्याचं नाव एका वेगळ्या कारणाने जगभर गेलं.

१९८९ मध्ये इथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ज्या आईला दूध येत नाही किंवा जी आजारी आहे, तिच्या बाळाला दुसऱ्या आईचं तपासलेलं, निर्जंतुक केलेलं दूध द्यायचं, ही कल्पना. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी नाजूक असतात. वरच्या दुधाने त्यांना जीवघेणी सूज येण्याचा धोका वाढतो. आईच्या दुधाने तो कमी होतो आणि जंतुसंसर्गापासूनही संरक्षण मिळतं.

याचा सरफॅक्टंटशी थेट संबंध आहे. कुपी बाळाला पहिले दोन-तीन दिवस पार करून देते. त्यानंतरचे अनेक आठवडे ते तरतं ते आईचं दूध, आईच्या छातीची ऊब, हात धुऊनच बाळाला शिवणं आणि डोळ्यांच्या पडद्याची वेळेवर तपासणी यांवर. श्वास वाचवून बाळ पुढे जंतुसंसर्गाने गमावलं, तर कुपीचा काय उपयोग?

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

सातव्या-आठव्या महिन्यात पोट थांबून थांबून कडक होत असेल, कंबर दुखत असेल, पाणी जात असेल किंवा रक्त दिसत असेल, तर ‘सकाळपर्यंत बघू’ असं करू नका. जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, अशाच रुग्णालयात जा. १०२ किंवा १०८ वर रुग्णवाहिका मागवता येते. अशा बाळासाठी सर्वांत सुरक्षित प्रवास आईच्या पोटातूनच होतो. जन्मानंतर रिक्षातून किंवा टॅक्सीतून नाही.

गेल्या गेल्या डॉक्टरांना विचारा, ‘बाळाच्या फुप्फुसांसाठीचं स्टेरॉईड द्यायचंय का?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

बाळ जन्मल्यावर सरफॅक्टंट लागेल असं सांगितलं, तर पैशांची जुळवाजुळव करण्यात तास घालवू नका. सरकारी रुग्णालयात प्रसूती आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत मिळावेत, यासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचीही चौकशी करा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात लगेच जाऊन बोला.

आणि घरातलं मोठं माणूस एआरडीएसने व्हेंटिलेटरवर असेल, तर सरफॅक्टंटच्या कुप्या शोधत शहरभर फिरू नका. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, की मूळ जंतुसंसर्गावर उपचार कसे चालू आहेत, व्हेंटिलेटरचा दाब कसा ठेवलाय, पालथं झोपवण्याचा फायदा होईल का. मोठ्यांचे जीव आजवर याच गोष्टींनी वाचले आहेत. सरफॅक्टंटची ती कुपी ज्या बाळाला खरंच हवी आहे, त्याच्यासाठी राहू द्या.